सासरे, मी आणि सुरू न होणारा कॉम्प्युटर

सासूबाई गेल्यानंतर सासरे पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे दुबईला आले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी कधी थेट बोललोच नव्हतो. सगळं सासूबाईंमार्फत चालायचं. "तिला सांग, आमटी छान झालीय," असं ते सासूबाईंना म्हणायचे, मी समोर वाढत उभी असले तरी. मीसुद्धा "बाबांना भात हवाय का, विचारा ना," असं सासूबाईंनाच सांगायचे. आता मधलं माणूसच उरलं नव्हतं. नवरा दूर अबू धाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत, घरी यायचा तो शुक्रवारी संध्याकाळी. मुलगी सकाळीच शाळेत. ऊद मेथातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर आम्ही दोघं अत्यंत नम्रपणे एकमेकांना टाळत होतो. चहा हवा असला की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन खाकरायचे. मी आधण ठेवायचे.

अशात एका गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू होईना.

दर गुरुवारी दुपारी मी इथल्या मुलांसाठी मराठीचा ऑनलाइन वर्ग घेते. चित्रं, गाणी, शब्दांचे खेळ, सगळं त्या कॉम्प्युटरमध्येच. एकदा मोबाईलवरून वर्ग घेऊन पाहिला होता, तर मुलांना पूर्ण वेळ फक्त माझी हनुवटी दिसली. त्या दिवशी बटण दाबलं, पंखा घरघरला आणि आतून लांबलचक 'पीं' असा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. स्क्रीन काळी ती काळीच.

"मम्मा, जस्ट रिस्टार्ट इट," मुलगी बूट घालता घालता म्हणाली आणि स्कूलबससाठी पळाली.

रिस्टार्ट केला. वायर काढून परत लावली. मॉनिटरची केबल घट्ट बसवली. पीं.

"रडतोय का तो?" सोफ्यावरून सासऱ्यांनी विचारलं.

कोणाला विचारताहेत म्हणून मी मागे वळून पाहिलं. खोलीत मीच होते.

देरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला. "मॅडम, मदरबोर्ड खलास," पलीकडच्या माणसाने काही न बघताच निकाल दिला. "सॅटरडे को लेके आओ, इन्शाल्ला देखेंगे." नवऱ्याला फोन करून उपयोग नव्हता. प्लांटमध्ये मोबाईल नेता येत नाही. मी मेसेज टाकून ठेवला. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आल्यावर त्याचा फोन आला. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

"रॅम हलली असेल. प्लग काढ, बाजूचं झाकण उघड. आत एक लांबट हिरवी पट्टी उभी दिसेल, ती रॅम. दोन्ही टोकांचे खटके दाबले की सुटते. तिची सोनेरी कड खोडरबराने पूस आणि होती तशी परत बसव." आणि मग घाईघाईत, "आणि ऐक, बाबांना हात लावू देऊ नकोस."

सासरे माझ्या शेजारीच उभे होते.

"ऐकतोय मी," ते म्हणाले.

 मग "सुट्टी संपली, ठेवतो," असं म्हणून आमच्या इंजिनिअरने पळ काढला. मला हसू आवरेना. सासऱ्यांनी मात्र शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

झाकण उघडलं तर आत पीठ सांडल्यासारखी बारीक वाळू. एसी लावून, दारं-खिडक्या बंद करूनही ती कुठून येते, कोण जाणे. मुलीच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन सासरे एकेक कोपरा झाडू लागले आणि त्यांना अशा काही शिंका आल्या की मी पाणी आणायला धावले. पट्टी मी काढली, खोडरबराने त्यांनी पुसली. परत बसवताना ती जाईचना. मी उलटी धरली होती. "खाच बघ ना, खाच," ते म्हणाले. सुलटी केली, बसवली, प्लग लावला, बटण दाबलं.

पीं.

प्लग पुन्हा काढला. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आत डोकं घातलं. "हे टोक वर राहिलंय. दाब जरा."

"बाबा, मोडेल हो."

"दाब गं. मोडली तर मी मोडली म्हणून सांगू. त्याला तसंही तेच वाटणार आहे."

मी डोळे मिटून अंगठ्याने जोर दिला. 'टक्' झालं. या वेळी प्लग लावून बटण त्यांनी दाबलं. पीं आली नाही. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली आणि पाठोपाठ मुलीचा समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो आला. "यल्ला!" सासरे ओरडले. 'चला' म्हणायचा हा अरबी शब्द ते टॅक्सीवाल्यांकडून शिकले असावेत.

जेवायचं राहूनच गेलं होतं. ओट्याशी उभ्या उभ्या आम्ही पोळीच्या सुरळ्या खाल्ल्या. हातावरची धूळ बघत ते म्हणाले, "तुझ्या सासूला हे फार आवडलं असतं. लग्न झाल्या झाल्या तिने आमचं घड्याळ उघडलं होतं. मी ओरडलो, तर म्हणाली, बघू तरी द्या आत काय आहे."

"मग, जोडलं परत?"

"जोडलं, पण शेवटपर्यंत पंधरा मिनिटं पुढेच पळायचं."

हे मला सासूबाईंनी कधी सांगितलं नव्हतं. ते सांगत राहिले, मी विचारत राहिले. वर्ग सुरू व्हायला अगदी थोडा वेळ उरला तेव्हा कुठे आम्ही ओट्यापासून हललो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा स्क्रूड्रायव्हरचा अख्खा संच घेऊन आला. कॉम्प्युटर चालू बघून त्याचा चेहरा जरा पडलाच. "एकदा उघडून बघतो," तो म्हणाला. "काही गरज नाही," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

पुढच्या आठवड्यात सासऱ्यांनी पुण्याचं परतीचं तिकीट पुढे ढकलायला लावलं. इथली हवा मानवतेय, असं त्यांनी मुलाला सांगितलं. त्यालाही ते पटलं.