चार आकडे, एक दिवा आणि मोशीचे दोन भाऊ

"मॅडम, तुमची गाडी खोटं बोलती."

फोनवर मोशीचे दत्तूभाऊ होते. मी चाकणच्या प्लँटमध्ये कँटीनच्या रांगेत ताट धरून उभी.

"काय बोलली गाडी?"

"मागच्या चाकात हवा कमी हाय म्हणती. मी भरली. तरी कमीच. आणखी भरली. आकडा जागचा हलंना. आता पंक्चरवाला म्हणतोय, भाऊ, पुढची हवा तुमची तुम्हीच भरा, मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहतो."

ताटात आमटी पडली होती. ताट तसंच ठेवलं.

"दत्तूभाऊ, आता चाकाला हात लावू नका. चाकाजवळ उभे पण राहू नका. मी येते."

ही तक्रार दुसऱ्या कुठल्याही आठवड्यात आली असती तर मी आधी जेवले असते. पण परवा रिव्ह्यू होता आणि माझी सगळी मदार याच गाडीवर होती.

आमची कंपनी पिकअप बनवते. पुढे दोन-तीन माणसं, मागे माल. मी क्लस्टरचं काम बघते. क्लस्टर म्हणजे स्टिअरिंगच्या मागची ती काच, जिच्यात स्पीड, डिझेल आणि नाना रंगांचे दिवे दिसतात. नव्या मॉडेलमध्ये टायरमधली हवा ड्रायव्हरला काचेवर कळावी असं ठरलं होतं. कशी कळावी, यावरून माझी आणि आमचे बॉस पाटणकर सर यांची जुंपली होती.

सरांना एक दिवा हवा होता. कुठल्याही चाकात हवा कमी झाली की पिवळा दिवा लागणार. बस्स.

"सुजाता, पिकअपचा ड्रायव्हर आकडे वाचत नाही," सर म्हणायचे. "तो गाणी लावतो. दिवा लागला, थांबला, विषय संपला."

मला चार आकडे हवे होते. प्रत्येक चाकाचा वेगळा. पिकअपचा माल मागे असतो, म्हणून मागच्या चाकांत पुढच्यापेक्षा जास्त हवा लागते. नुसता दिवा लागला तर चारांतलं कुठलं चाक, हे बघायला हायवेच्या कडेला उतरून एकेका चाकाला लाथ मारत फिरावं लागतं. शिवाय दिव्यावर आपल्याकडे एक हमखास औषध आहे, काळी चिकटपट्टी. गॅरेजमध्ये मी जेवढे दिवे पेटलेले बघितलेत, त्याहून जास्त चिकटपट्टीखाली गाडलेले बघितलेत.

आणि 'ड्रायव्हर आकडे वाचत नाही' हे वाक्य मला लागायचं. माझे वडील पिंपरीत तीनचाकी टेम्पो चालवायचे. शिक्षण सातवी. आकड्याच्या बाबतीत त्यांना फसवणारा माणूस मी बघितला नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी जरा जास्त वेळा सांगते असं नवरा म्हणतो. सांगणारच.

शेवटी मोठ्या साहेबांनी, म्हणजे प्लँट हेडनी, तोडगा काढला. माझे चार आकडे बसवलेली एक गाडी खऱ्या ग्राहकाला ट्रायलसाठी द्यायची. त्याचा अनुभव चांगला आला तर आकडे, नाहीतर सरांचा दिवा. परवाच्या रिव्ह्यूनंतर डिझाइन फ्रीझ होणार होतं. फ्रीझ म्हणजे त्यानंतर साधा स्क्रू बदलायचा म्हटला तरी देव पाण्यात ठेवावे लागतात. ग्राहक म्हणून मीच दत्तूभाऊंना निवडलं होतं. भाजी, फुलं, सिमेंट, मिळेल तो माल नेणारा आणि तोंडावर बोलणारा माणूस. तो आता माझ्याच गाडीला खोटारडी म्हणत होता.

मी आमच्या टेस्टिंगच्या राठोडला घेतलं आणि निघाले. चाकणचं ट्रॅफिक पार करेपर्यंत राठोडने स्वतःचा डबा खाल्ला, आणि मी 'नको' म्हटल्यावर माझ्या वाटणीची पोळीही खाल्ली.

दत्तूभाऊंचं घर जुन्या गावठाणात. मागे नवे टॉवर, पुढे अंगण आणि अंगणाच्या मधोमध उभी पत्र्याची भिंत.

"पलीकडं कोण?" मी विचारलं.

"धाकटा. संपत. वाटणी झालीय आमची," दत्तूभाऊ म्हणाले. "भांडण न्हाई बरं का. बायकांना आपापली चूल पाहिजे व्हती. चूल वेगळी झाली, मग पत्रा मारला."

मी काचेत बघितलं. पुढची दोन्ही चाकं ठीक. मागच्या दोन्ही चाकांत साठ पौंड लागतात तिथे अठ्ठेचाळीस. राठोडने डाव्या चाकाला हातातलं गेज लावलं. काटा सरळ शेवटच्या टोकाला जाऊन टेकला.

"मॅडम, हे टायर नाही राव, हा बॉम्ब आहे," तो म्हणाला आणि तोंड फिरवून, हात लांब करून जास्तीची हवा सोडू लागला. त्याने दोन्ही चाकांत साठ केले. काचेवर अठ्ठेचाळीस ते अठ्ठेचाळीस.

म्हणजे दत्तूभाऊ बरोबर होते. गाडी खोटं बोलत होती.

मी लॅपटॉप जोडला. सगळं ठणठणीत. पुढच्या चाकांचा सिग्नल व्यवस्थित, मागच्यांचा अधूनमधून.

"आणखी काय करते गाडी?"

"घरी असली की मागचे आकडे दाखवती. देहू फाटा सोडला की आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. सांजच्याला घरी आलो की परत आकडे. मला वाटतं मॅडम, हिला घर वळखू येतंय."

तेवढ्यात पाटणकर सरांचा फोन.

"काय झालंय?"

"बघतेय सर."

"बघ, बघ. घाई नाही. मी दिव्याची स्लाइड करून ठेवतो."

फोन ठेवला आणि माझ्या डोळ्यांदेखत मागचा डावा आकडा पडायला लागला. अठ्ठेचाळीस. पंचेचाळीस. एक्केचाळीस. गाडी उभी, इंजिन बंद. दत्तूभाऊ माझ्या शेजारी चहाची बशी धरून. बजर ओरडायला लागला.

"राठोड, हवा सोडू नकोस!"

"मी कुठं सोडतोय? मी तर लांब उभा आहे."

तो पळत आला, व्हॉल्व्हवर थुंकी लावली आणि बुडबुडे येतात का ते वाकून बघितलं. एकही नाही. मग त्याने चाकाला कान लावला. "मॅडम, इथं काहीच गळत नाही."

काचेवर अडतीस.

दत्तूभाऊंनी बशी बोनेटवर ठेवली. "लिंबू-मिरची बांधली न्हाई, म्हणून तर न्हाई?"

मी इंजिनिअर आहे. तरी खरं सांगते, त्या क्षणी कुणी लिंबू आणून दिलं असतं तर मी बांधलं असतं.

मग बजर थांबला आणि त्या शांततेत आवाज आला. सूऽऽऽ. गाडीतून नाही. पत्र्यापलीकडून.

आम्ही तिघं पत्र्याला वळसा घालून पलीकडे गेलो. तिथे संपत त्याच्या जुन्या पिकअपच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसून, व्हॉल्व्हमध्ये काडी खुपसून निवांत हवा सोडत होता.

"संपत, काय चाललंय रे?"

"अंडी न्यायचीत दादा. काल दोन ट्रे फुटले. हवा कमी असली की गाडी उड्या मारत न्हाई."

मी चाकाकडे बघत होते. ट्रायलच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर आम्ही पिवळ्या रंगाचा ठिपका देतो. या जुन्या गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांवर पिवळे ठिपके होते.

"संपतभाऊ, ही चाकं कुणाची?"

"आमचीच."

"आमची म्हणजे?"

"दादाच्या गाडीची."

"आणि दादाच्या गाडीला कुठली चाकं आहेत?"

"माझी."

एवढं सरळ उत्तर मला कुठल्याही व्हेंडरने आजवर दिलेलं नाही.

"मला ताम्हिणीतनं खाली कोकणात जायचं व्हतं," संपत म्हणाला. "माझे मागचे टायर पार गुळगुळीत. दादाचे नवेकोरे."

"मीच म्हणलं घेऊन जा," दत्तूभाऊ म्हणाले. "मी काय, मोशी ते मंचर. मला कशाला पाहिजेत नवे?"

"दत्तूभाऊ, गाडी देताना मी काय सांगितलं होतं? गाडीत काहीही बदलायचं नाही!"

"मग काय बदललं?" त्यांना खरोखरच वाईट वाटलं. "चाक घरातलंच हाय की मॅडम. बाहेरचं लावलं असतं तर तुमाला फोन नसता का केला?"

भांडी, कुदळ, शिडी आणि चाक, वाटणी झाली तरी या वस्तू पत्र्याच्या दोन्ही बाजूंच्या असतात. हे आमच्या टेस्ट प्लॅनमध्ये कुठेच नव्हतं.

झालं होतं ते असं. चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, अंगठ्याएवढा सेन्सर असतो. तो आतली हवा मोजतो आणि रेडिओवरून गाडीला कळवतो. प्रत्येक सेन्सरचा आवाज वेगळा. मैदानात पन्नास पोरं ओरडत असली तरी आईला आपलं ओळखू येतं, तसं गाडीला आपले चारच सेन्सर ऐकू येतात. दत्तूभाऊंच्या गाडीची दोन पोरं संपतच्या गाडीला लागून कोकण फिरत होती. संपत पत्र्यापलीकडे आला की दत्तूभाऊंच्या गाडीला त्यांचा आवाज यायचा. लांब गेला की रेघा. संपतने अंड्यांसाठी हवा सोडली, तर दत्तूभाऊंच्या काचेवर हवा कमी. आणि दत्तूभाऊ भरत होते ती हवा संपतच्या जुन्या चाकांत जात होती. त्यांत सेन्सर नव्हताच. ती चाकं फुटेपर्यंत भरली असती तरी आकडा हलला नसता.

मी दोघांनाही झापलं. जास्त हवेने टायर फुटतो, कमी हवेने तापून फुटतो.

"व्हय मॅडम," संपत म्हणाला. "पण अंडी?"

"अंड्यांखाली भुसा घाला! आणि चाकं जागच्या जागी लावा."

"लावतो," दत्तूभाऊ म्हणाले.

रिव्ह्यूत पाटणकर सर खुशीत होते. सगळा किस्सा त्यांनीच सांगितला, आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगितला.

"आपण ग्राहकाला चार आकडे दिले," ते म्हणाले. "त्यातले दोन भावाचे निघाले. म्हणून मी म्हणतो, एक दिवा."

सगळे हसले. मार्केटिंगचा माणूस तर डोळे पुसत होता.

"सर, दिवा असता तरी संपतच्या अंड्यांपायी लागलाच असता," मी म्हणाले. "फक्त का लागतोय ते जन्मात कळलं नसतं. दत्तूभाऊंनी चिकटपट्टी मारली असती. मग त्यांचा स्वतःचा टायर खरंच बसला असता तेव्हा कुणी बघितलं असतं?"

"तो आकडे तरी कुठे बघतोय?"

"विचारू या ना," मोठे साहेब म्हणाले. "लावा फोन. स्पीकरवर."

दत्तूभाऊ काय बोलतील याची खात्री त्यांच्या बायकोलाही नसते.

"नमस्कार, मी पाटणकर. चाकं परत बदलली का?"

"न्हाई साहेब."

सर माझ्याकडे बघून हसले. "का नाही?"

"राग मानू नका. आता बदलायची न्हाईत. काल मी मार्केटला उभा. संपतला फोन केला, कुठं हायस? म्हणला, दादा, नाशिक फाट्याला अडकलोय, लय ट्रॅफिक हाय. मी म्हणलं बरं बाबा, ये सावकाश. अन् काचेत बघतोय तर मागचे दोन्ही आकडे चालू! म्हणलं, नाशिक फाट्यावरनं एवढ्या लांब आवाज येतोय व्हय? उतरलो. चार गाड्या सोडून हा पठ्ठ्या मिसळ खातोय."

मागून संपतचा आवाज आला, "दादा, कुणाला सांगतोयस?"

"कंपनीला!"

खोलीत हशा पिकला. मोठ्या साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

सर मात्र नेटाने उभे. "म्हणजे तुम्ही आकड्यांकडे बघता?"

"साहेब, दिवसभर गाडीत बसून आमी दुसरं काय बघावं? पुढच्या डाव्याचा रोज एक आकडा कमी होतोय. खिळा असंल. आज दाखवतो. आकडे काढू नका बरं का. दिवा काय, आमच्या देव्हाऱ्यात पण हाय."

फोन बंद झाला. मोठे साहेब सरांकडे वळले. "पाटणकर, ड्रायव्हर आकडे वाचत नाही म्हणालात ना?"

"हा अपवाद आहे," सर म्हणाले.

चार आकडे राहिले. दोन बदल झाले. चाकाचा आवाज येईनासा झाला की रेघांऐवजी सरळ 'या चाकाचा सिग्नल नाही' असं लिहून येतं. शिवाय चाक बदललं तर नव्या सेन्सरची ओळख ड्रायव्हरला स्वतः करून देता येते. सरांनी अट घातली की मॅन्युअलमधलं ते पान मी लिहायचं. मी लिहिलं, 'भावाच्या गाडीची चाके लावल्यास आकडे चुकतील.' सरांनी 'भावाच्या' खोडून 'अन्य' केलं. माझं वाक्य जास्त लोकांना कळलं असतं.

ट्रायल संपल्यावर दत्तूभाऊंनी गाडी चाकणला आणून दिली. गेटवर सिक्युरिटीने अडवली. मागचे दोन्ही टायर तळहातासारखे गुळगुळीत. मी खाली धावले.

"दत्तूभाऊ, आमची चाकं?"

"ती साताऱ्याला गेलीत मॅडम. गुरुवारी येतील."

आली. शुक्रवारी.

आता ट्रायलची गाडी द्यायची झाली की ग्राहक माल काय नेतो, रस्ता कसला, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, भाऊ किती आणि त्यांच्याकडे गाडी कुठली?