चोर कोण ते आईला आधीच कळायचं

नेरुळला आमच्या सेक्टरच्या मार्केटात जिन्याखाली एक वाचनालय होतं. खरं तर ते झेरॉक्सचं दुकान, पण मागच्या भिंतीला पुस्तकांच्या फळ्या होत्या आणि त्यातली एक अख्खी फळी माझी होती, असं मी धरून चालले होते. त्या फळीवर एकाच मालिकेची इंग्रजी पुस्तकं होती. तीन चुलत भावंडं सुट्टीत समुद्रकाठच्या आत्याकडे जातात, तिथे काहीतरी चोरीला जातं, आणि पोलिसांना जमत नाही ते ही पोरं करून दाखवतात. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर नंबर होता. पाचवीत मी पहिला नंबर घरी आणला आणि पुढची काही वर्षं मला दुसरं काही सुचलं नाही.

शाळेतून आले की गणवेशातच पलंगावर आडवी होऊन मी पुस्तक संपवायचे. मग संध्याकाळी आई चपात्या करायला बसली की लसूण सोलत, तिच्यासमोर उंबऱ्यावर बसून तीच गोष्ट तिला मराठीत सांगायचे. एकदम नाही, रोज थोडी थोडी. ऐन रंगात आली की मी उठून हात धुवायचे. आई लाटणं उगारायची. मला त्यात फार मजा यायची.

आई साताऱ्याकडची. दहावीला इंग्रजीत दोनदा राहिली, मग लग्न झालं, आणि पप्पा तुर्भ्याच्या मार्केटात कामाला असल्यामुळे इकडे आली. इंग्रजी म्हटलं की ती पदर खोचून दुसऱ्या कामाला लागायची. सोसायटीची नोटीससुद्धा मीच वाचून दाखवायचे, आणि खरं सांगायचं तर थोडं नाक वर करूनच. गोष्टीचं मात्र तिला वेड होतं. पोरं होडी घेऊन समुद्रात गेली की ती कावायची. "ह्या पोरांच्या आया कुठं उलथल्यात? एवढ्या पाण्यात सोडत्यात का कुणी?" आत्याचं गाव कसं असेल ते आम्ही दोघींनी आपापसात ठरवून टाकलं होतं. आई एकदा उरणला कुणाच्या लग्नाला गेली होती, तेव्हा मोऱ्याचा धक्का तिने पाहिला होता. त्यामुळे आत्याचं गाव म्हणजे मोरा, आणि चोर पळायचे ते लाँचने भाऊच्या धक्क्याकडे. गोष्टीतली पोरं सारखी काहीबाही खायची. त्यातले निम्मे पदार्थ मला माहीत नव्हते. त्या सगळ्यांची मी खारी करून टाकली होती.

पण मला छळणारी एक गोष्ट होती. चोर कोण ते आईला आधीच कळायचं.

गोष्ट जेमतेम अर्धी झालेली असायची. संशय सगळा कोळ्यावर, आणि आई तवा पुसता पुसता म्हणायची, "कोळी न्हाई. त्यो डॉक्टर हाय बघ." डॉक्टरच असायचा. कधी आचारी, कधी चित्रं काढायला आलेल्या बाई, एकदा तर खुद्द पोलीस. ती चुकायचीच नाही. मला स्वतःला शेवटच्या पानापर्यंत पत्ता नसायचा, वर्गात हुशार म्हणून मिरवणारी मी, आणि ही बाई चपाती उलटताना चोर पकडायची! माझ्या पोटात दुखायचं. "कशावरून?" विचारलं तर ती काहीही ठोकून द्यायची. डॉक्टर असून बॅग दारातच ठेवतो. आचारी स्वतः जेवत नाही. ते ऐकून मी पुढचं पुस्तक डोळ्यात तेल घालून वाचायचे, दारात ठेवलेल्या बॅगा शोधायचे, आणि पुन्हा तोंडावर आपटायचे.

नववीत क्लास लागले. मैत्रिणी जाड जाड पुस्तकं वाचायला लागल्या होत्या, मग मलाही ती मालिका पोरकट वाटायला लागली. शेवटचा एकच नंबर राहिला होता, तो कायम कुणीतरी नेलेला असायचा. आई अधूनमधून विचारायची, "त्ये ऱ्हायलेलं आलं का गं?" मी म्हणायचे, "आई, आता टाइम कुठे आहे? आणि लहान मुलांचं आहे ते." मग ती चपात्या करताना रेडिओ लावायला लागली.

मग गणपतीच्या सुमारास एक दिवस मी क्लासहून आले तर ते पुस्तक घरात, फ्रिजवर. मला वाटलं माझ्यासाठी. वाचनालयाच्या काकांनाही तसंच वाटलं होतं, त्यांनीच मला नंतर सांगितलं. "काकू, मुलीसाठी ना?" असं त्यांनी विचारलं, तर आई म्हणाली, "न्हाई, मला पायजे. येळ लागंल पण."

वेळ लागलाच. दुपारी सगळं आवरलं की ती जमिनीवर पुस्तक पसरून बसायची, ओळीखाली बोट, ओठ हलताहेत. पहिले काही दिवस एक पान म्हणजे एक दुपार, मग हळूहळू वेग आला. सुरुवातीला हाका मारायची. "ए, 'सस्पिशस' म्हंजी काय?" मी सांगायचे, "संशय येण्यासारखा." "मग त्योच असंल," म्हणून ती पुढच्या ओळीवर. मी दोनदा म्हणाले, "टेन्शन कशाला घेतेस? मी सांगते ना वाचून." ती नाही म्हणाली. त्या नाहीमध्ये दोनदा नापास झालेली मुलगी होती, एवढं मला तेव्हाही कळलं, आणि मी मनातल्या मनात देवाला सांगितलं की हिला हे पुस्तक संपवू दे. अर्ध्यात सोडलं असतं तर तिने पुन्हा इंग्रजीला हात लावला नसता.

एका सकाळी ती शिरवण्याला मासळी आणायला गेली, तेव्हा मी ते पुस्तक हावरटासारखं वाचून काढलं. पोरकट वगैरे काही वाटलं नाही. चोर कोण ते कळल्यावर मी थक्क झाले.

आई आली तेव्हा मी जागेवर ठेवलं होतं, पण तिने ओळखलं. "वाचलंस? मग आता माझ्याम्होरं बसू नगंस." तेव्हापासून ती पुस्तक घेऊन बसली की मला वह्या उचलून बाल्कनीत जावं लागायचं. मला वाटलं, तिला लक्ष लागत नसेल. पप्पांना तिने जेवताना जाहीर करून टाकलं की चोर पोस्टमनच आहे, लिहून घ्या. मी ताटात मान घालून बसले.

दिवाळीच्या सुट्टीत, चकल्या तळून झालेल्या, घरभर तेलाचा वास, मी बाल्कनीत गणितं सोडवतेय आणि आतून आई मोठ्यांदा म्हणाली, "अगं बाई! आत्या?"

मी आत धावले. पुस्तक मांडीवर मिटलेलं, आणि आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "इतकी वर्सं पोरास्नी खाऊ घालती, आन् हीच चोर! मला वास बी आला न्हाई गं." हरल्याचा इतका आनंद झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. पुस्तक संपल्याचाही असणार. ती ते पुन्हा पुन्हा हातात घेऊन शेवटचं पान बघत होती.

मी म्हणाले, "पण तू तर कधीच चुकायची नाहीस."

"तवा मी पुस्तक कुठं वाचत हुते?" ती डोळे पुसत म्हणाली. "तुझं त्वांड बघत हुते. चोराचं नाव आलं की तुझा आवाज बारीक व्हायचा, आन् तू माझ्याकडं बघायची न्हाईस. लसणावर नजर."

"आणि ती बॅग? तो आचारी?"

"त्ये आपलं काय बी."

मला हसूही येईना आणि रागही येईना. इतकी वर्षं मी बॅगा शोधत बसले होते! "मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं असतं तर तू लाजून सांगायचं सोडलं असतंस," ती म्हणाली.

ते तर मी सोडलंच होतं. आईने ते काढलं नाही, पण मला इतकं लागलं की मला तिच्याकडे बघवेना. वह्या बाल्कनीतच राहिल्या. मी तिच्यासमोर खाली बसले आणि मला पहिल्यांदा कुणाचा संशय आला, कुठे मी फसले, ते सगळं सुरुवातीपासून तिला सांगायला लागले, आणि ती एकेक चकली मोडत माझ्या तोंडाकडे बघत ऐकत राहिली.