टाचेचा एक ठोका

वेट्लेची स्पर्धा टीव्हीवर लागली की सिग्रुन तळघरात जायची. कपडे वाळत घालायची, वाळलेल्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालायची, जॅमच्या बरण्या पुसायची. वर तिचा नवरा ओडवार टीव्हीपुढे बसलेला असे. मुलगा शेवटच्या उडीवरून नीट उतरला की तो लाकडी जमिनीवर टाच आपटायचा. एकदाच. तो ठोका ऐकला की सिग्रुन जिना चढून वर यायची आणि विचारायची, "कितवा आला?" नंबराचं तिला फारसं काही नव्हतं, पण वर आल्यावर काहीतरी विचारायला तर हवं.

वेट्लेला हे माहीत होतं. स्पर्धा संपल्यावर फोनवर त्याचा पहिला प्रश्न असायचा, "बाबांनी ठोकलं ना?"

ओडवार डोंगरावर बर्फ सपाट करणारं यंत्र चालवायचा आणि पोर लहानपणापासून त्याच्या शेजारच्या सीटवर झोपायचं. त्या दरीत मूल चालायला लागलं की पायात स्की चढते. वेट्लेच्याही चढली, पण नवव्या वर्षी त्याने ती कोपऱ्यात ठेवली आणि कुणाचा तरी जुना स्नोबोर्ड उचलून आणला. सिग्रुनचे वडील स्कीवर लांब पल्ल्याच्या शर्यती धावलेले. ते म्हणाले, "एकाच फळीवर आडवं उभं राहून घसरायचं, हा काय खेळ? बस चुकलेल्या माणसासारखा दिसतो." नातू हसला आणि अंगणात पाण्याचा जुना पाइप आडवा टाकून, छपरावरचा बर्फ त्याच्या दोन्ही बाजूंना ओढून, संध्याकाळभर त्यावरून घसरत राहिला. शेजारीण येऊन सांगायची, "सिग्रुन, तुझं पोर पुन्हा आमच्या गोठ्यावर चढलंय." पुढचा दात त्या पाइपवरच गेला.

सोळाव्या वर्षी तो खेळाच्या शाळेत राहायला गेला, अठराव्या वर्षी राष्ट्रीय संघात. त्याच्या खेळात वरच्या उतारावर घसरायला लोखंडी दांडे, खाली बर्फाच्या चढांवरून एकामागून एक तीन मोठ्या उड्या, आणि हे सगळं एका दमात, डौलात करायचं. ऑगस्टमध्ये बर्फासाठी न्यूझीलंड, हिवाळ्यात आल्प्स. एकदा तिसरा आला, एकदा दुसरा. त्याच्या नावाचा एक बोर्डही निघाला. मनगटात धातूची पट्टी बसली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हाडं मोडली तरी जुळतात, यावर एव्हाना त्या घराचा विश्वास बसला होता.

ऑलिंपिकच्या आधीच्या शरदात तो घरी आला, सोबत हाल्वार. दोघे एकाच संघात होते आणि हाल्वार निम्मा त्याच घरात वाढलेला. सिग्रुनने वॅफल काढले, तपकिरी चीज कापून ठेवलं.

"आज डोकं तपासून आलो," हाल्वार म्हणाला. "डॉक्टरांना आत काही सापडलं नाही."

"सापडण्यासारखं कधी होतं?" सिग्रुनने त्याच्या ताटलीत आणखी एक वॅफल टाकला.

ही तपासणी दर मोसमाच्या सुरुवातीला व्हायची. डॉक्टर पाच शब्द वाचून दाखवायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि मग ते शब्द परत विचारायचे. मिळालेले गुण नोंदले जायचे. हिवाळ्यात कुणी डोक्यावर पडलं की पुन्हा तीच तपासणी. शरदातल्यापेक्षा गुण कमी आले तर डोंगर बंद.

"मग शहाण्याने काय करायचं?" वेट्ले तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला. "आत्ताच कमी गुण घ्यायचे. मी दोनच सांगितले. असा चेहरा केला," त्याने जबडा खाली सोडला, "घोडा... आणि... मध?"

ओडवार कॉफी सांडेपर्यंत हसला. सिग्रुनच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"सगळेच करतात," हाल्वार म्हणाला. "मी तर एका पायावर उभा राहताना मुद्दाम खुर्चीवर कोसळलो."

"आणि खरे शब्द?" ओडवारने विचारलं.

"मेणबत्ती, वाळू, घोडा, खिडकी, मध," वेट्लेने घडाघडा सांगितलं. "उलटे सांगू? मध, खिडकी, घोडा, वाळू, मेणबत्ती."

"गाढवं आहात दोघं," सिग्रुन म्हणाली आणि जॅमची बरणी पुढे सरकवली.

जानेवारीत त्याचा फोन आला. "आई, सरावात पडलो जरा. पण तपासणीत पास."

ती घरच्या बर्फाचं सांगत राहिली. छप्पर दोनदा साफ करावं लागलं म्हणाली. तो म्हणाला, "बरं, घरी बर्फ कसाय?"

"आत्ताच तर सांगितलं."

"हो, हो." थोडं आजीच्या पायाचं बोलणं झालं, आणि मग तो पुन्हा म्हणाला, "घरी बर्फ पडलाय का?"

सिग्रुन ओट्याला टेकली. "वेट्ले, किती शब्द आठवले तुला?"

"दोन. दोनच लागतात, आई."

"तेर्येला सांग खरं काय ते." तेर्ये त्यांचा प्रशिक्षक.

"म्हणजे तो घरी पाठवेल. परवाच्या स्पर्धेवर ऑलिंपिकचा संघ ठरणार आहे. नऊ वर्षांचा असल्यापासून मी दुसरं काय केलंय, सांग? तू काही बोलायचं नाहीस. म्हण, नाही बोलणार."

तेर्येचा नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता. सिग्रुनने त्याला मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. ओडवार यंत्राच्या किल्ल्या शोधत होता. "मोठा झालाय तो," तो म्हणाला. "त्याच्या हातचं काढून घेतलंस तर जन्मभर बोलणार नाही तुझ्याशी." तिने मेसेज पुसला.

स्पर्धेच्या दिवशी ती खाली मोज्यांच्या जोड्या लावत होती. लाकडातून समालोचकाचा आवाज झिरपत होता. मग तो आवाज थांबला. हातात एकच मोजा धरून ती छताकडे बघत राहिली. वर खुर्ची पडल्याचा आवाज आला, पण ठोका आला नाही.

ती वर आली तेव्हा पडद्यावर शेवटच्या उडीच्या चढाच्या काठावर एक माणूस डोक्यावर दोन्ही हातांची फुली करून उभा होता. खाली कुणीतरी पडलंय, वरून कुणी सुटू नका, अशी ती खूण. या दरीतल्या शेंबड्या पोरालाही ती कळते.

"त्याने उडी बरोबर घेतली होती," हाल्वार नंतर इस्पितळाच्या व्हरांड्यात म्हणाला. "पण हवेत असताना, सिग्रुन, तो मधेच थांबला. पुढचं वळण कुठलं, ते विसरल्यासारखा."

वेट्ले जगला. चालायला लागला, दाढी वाढली, नर्सबाईंची चेष्टा करू लागला. अंगणातला पाइप, आजोबांचं बोलणं, दात कुठे पडला, सगळं त्याला लख्ख आठवायचं. सकाळी काय खाल्लं ते मात्र दुपारपर्यंत निसटून जायचं. हाल्वार दर रविवारी यायचा, आणि दर रविवारी वेट्ले त्याला नव्याने विचारायचा, "तू संघात आहेस का? मी कधी येतोय?" हाल्वार सांगायचा, येशील लवकर, आणि गाडीत जाऊन बराच वेळ बसून राहायचा. पुढच्या शरदातल्या तपासणीत हाल्वारने पाचही शब्द बरोबर सांगितले.

त्याच सुमारास वेट्लेचीही तपासणी होती. नवीन गोष्टी डोक्यात टिकू लागल्या असतील तर त्याला घरी नेता येणार होतं. ओडवारने यंत्रातली शेजारची सीट झाडूनही ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी शब्द वाचले : लोकर, चमचा, डोंगर, दूध, घंटा. सिग्रुन भिंतीशी बसून ते ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली, जणू तिने म्हटले की त्याला ऐकू जातील. मग बाईंनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि म्हणाल्या, "आता सांग बघू, मघाचे शब्द."

वेट्लेने डोळे मिटले. या वेळी जबडा सोडला नाही, सोंग केलं नाही. कपाळावर आठ्या आणून तो खरोखर शोधत होता.

"मेणबत्ती," तो म्हणाला. "वाळू. घोडा. खिडकी..." आणि चेहरा एकदम उजळला. "मध!"

बाईंची पेन्सिल हलली नाही. त्या खोलीत ते शब्द कुठले, हे एकट्या सिग्रुनला माहीत होतं. वेट्लेने वळून आईकडे पाहिलं. उडीवरून उतरल्यावर चष्मा वर सारून तो कॅमेऱ्याकडे बघायचा, अगदी तसंच.

"सगळे आले. आले ना, आई?"

सिग्रुनने पाय उचलला आणि टाच जमिनीवर आपटली. एकदाच. गुळगुळीत फरशीवर तिचा आवाज फारसा झाला नाही, पण वेट्लेने तो ऐकला. तो मनापासून हसला.

"मग?" तो म्हणाला. "कितवा आलो?"