हिरवी चिंधी

शिरूर कासारजवळच्या वस्तीवरली माणसं ऊसतोडीला जाताना आपल्या कोंबड्या साखराबाईकडे ठेवून जात. ओळखीसाठी प्रत्येक घर कोंबडीच्या पायात आपल्या रंगाची चिंधी बांधी. शेजारच्या सुकन्याच्या तांबडीला हिरवी होती.

साखराबाईच्या नवऱ्यानं, मुंजाजीनं, बाजारातून एक पेंगणारी कोंबडी आणली. प्रवासानं दमली असेल, असं समजून साखराबाईनं ती त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या खुराड्यात कोंडली. मग मानमोडी पसरली. माना वाकड्या होऊन एकेक कोंबडी गेली. घरात अंड्यांवर खुडूक बसलेली साखराबाईची स्वतःची तांबडी तेवढी वाचली.

मुंजाजीनं बांधाला खड्डा खणला. साखराबाई मेलेल्या कोंबड्यांच्या चिंध्या सोडत बसली. तिला रडूही येत नव्हतं.

"चिंध्या कशाला सोडतीस? वाकळ शिवायचीय का?" मुंजाजीनं विचारलं.

चिंध्या उकळून तिनं दोरीवर वाळत घातल्या. सकाळी सवयीनं अंगणात ज्वारी फेकली. चिमण्या उतरल्या, त्यांच्याकडे ती नुसती बघत राहिली.

दुपारी उसाच्या फडावरून सुकन्याचा फोन आला. "मावशी, माझी तांबडी बसली का वो खुडूक? आल्यावर पिल्लं दिसली पायजेत बरं का!"

साखराबाईनं रिकाम्या खुराड्याकडे पाहिलं.

"बसली हाय," ती म्हणाली. "लई चांगली बसली हाय."

फोन ठेवून ती आत गेली. आपल्या तांबडीचा पाय हळूच ओढून तिनं त्याला हिरवी चिंधी बांधली.

मुंजाजी दारातून बघत होता. "अन् आपल्याला?"

"आपल्याला खुराडं हाय की," साखराबाई म्हणाली.