फ्रिजवरचा नकाशा

रियाधमधल्या आमच्या घरात, फ्रिजवर, मुलीने इटलीचा नकाशा लावला होता. प्रबोधनकाळातल्या एका बलाढ्य सरदार घराण्याच्या खुणा बघत जायची वाट तिने लाल पेनाने आखली होती: आधी डोंगरावरचा किल्ला, मग राजवाडा, शेवटी थडगी. कुठल्या भावाने कुठल्या भावाला विष घातलं, सगळं तिला पाठ. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर इंग्रजीत म्हणायची, माहीत नाही. दोष तिचा नव्हता. मीच कधी सांगितलं नव्हतं.

दर शुक्रवारी नमाजाहून आलो की मी गावी, रत्नागिरीकडे, अम्मीला व्हिडिओ कॉल करायचो. नकाशा लागल्यापासून खुर्ची फिरवून बसायला लागलो, म्हणजे फ्रिज तिला दिसायला नको. वर्षाची सुट्टी एकच, आणि ती मी परक्यांचे किल्ले बघण्यात घालवणार होतो. अम्मीला सांगितलं होतं, यंदा साहेब सुट्टी देत नाही. इथे हे खोटं सगळेच बोलतात. तरी कॉलभर माझं लक्ष मायलेकींकडे असायचं. मुलगी मध्येच काही बोलून गेली तर? बायकोच्या तोंडून निघालं तर? इटलीचा व्हिसाच नाकारला जावा, असंही एकदोनदा मनात आलं आणि स्वतःचाच राग आला.

गुरुवारी तिघांचे पासपोर्ट व्हिसा लागून आले. शुक्रवारी मी फोन लावला. अम्मी भलतीच खुशीत होती. गावातल्या बायकांबरोबर ती उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, येणार होती. मला कळू न देता मामाने तिचा पासपोर्टसुद्धा काढला होता. उमरा झाला की ती रियाधला, आमच्याकडे. तिने तारीख सांगितली. त्याच दिवशी आमचं विमान होतं.

"तुला सुट्टी नाय गावत ना, मग मीच येतंय," ती म्हणाली.

मी खरं सांगायला तोंड उघडलं, "अम्मी, त्या साहेबाचं काय आहे..." तिला वाटलं, मी साहेबावर चिडलोय.

"त्याच्याशी भांडू नको हां. त्याचा पण काय नाइलाज असंल. मी दुवा करतंय, तेवढे दिवस तरी तुला लवकर घरी सोडंल."

तिकिटं मी त्याच संध्याकाळी रद्द केली. मुलगी दोन दिवस रुसून होती. अम्मीला खरं काय ते अजून सांगितलेलं नाही, आणि ती दर शुक्रवारी त्या साहेबाची खुशाली विचारते.