निघालेल्या माणसाला विचारलेलं 'कुठे'

आधीच सांगते, या असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. इथे आयर्लंडमध्ये ड्रोहेडाजवळच्या एका औषध कंपनीत मी क्वालिटीला आहे. पुरावा नाही म्हणजे ते घडलंच नाही, ही सवय अंगात भिनलेली. तरीही लिहितेय...

आमच्या शेजारी थिरी राहते. म्यानमारची, नर्स आहे. तिकडे यादवी चालू आहे आणि तरुण पोरांना सक्तीने सैन्यात नेतात. तिचा एकुलता भाऊ मिन घरी आईला सांभाळतो. आईला अर्धांगवायू झालाय, वाचाही गेलीय. बघणारं दुसरं कुणी नाही म्हणून मिनला भरतीतून सूट होती. तिची मुदत संपत आली होती आणि ती वाढवायला त्याला कचेरीत बोलावलं होतं. नाकारली तर थेट छावणीत! शिवाय रस्त्यावरूनच पोरं उचलतात, हातातले कागद बघतं कोण? थिरीचं जेवणावरून मनच उडालं होतं.

माझी आई अमरावतीहून आलीय. मिनला कचेरीत जायचं होतं त्या दिवशी सकाळी — आमची सकाळ म्हणजे तिकडची दुपार — ती किचनमधल्या कपाटातून कप काढत होती. एकदम दाराकडे वळून ओरडली, "कुठी चालला रे बाप्पा? ये, बस. पानी पे, मंग जाय!"

दार बंद होतं. मी दचकलेच. "आई, कुणाशी बोलतेस?"

"कोनी जाऊन राह्यलं होतं ना वं?" म्हणत तिने टेबलावर पाण्याचा ग्लाससुद्धा ठेवला.

मी वैतागले. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारायचं नाही, विचारलंच तर त्याने परत येऊन बसायचं, घोटभर पाणी प्यायचं... यावरून जन्मभर मला ओरडणारी हीच! म्हटलं, आता वय झालं बाई हिचं.

संध्याकाळी थिरी धावतच आली. हसतेय की रडतेय, कळेना. "ही इज ग्रँड! मिन सुखरूप आहे, सूट वाढली!"

मग सगळं सांगितलं. मिन निघाला, उंबऱ्यापाशी पोचला आणि मागून कुणा बाईची हाक आली. घरात फक्त त्याची आई, तीही मुकी. भाषा कळली नाही, पण आपल्याला बसायला सांगतायत एवढं त्याला कळलं. तो बसला, पाणी प्यायला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सैन्याची गाडी आली आणि चहाच्या दुकानातली सगळी पोरं घेऊन गेली. ती गेल्यावर मिन मागच्या वाटेने कचेरीत पोचला.

"बाप्पा म्हणजे काय गं?" थिरीने मला इंग्रजीत विचारलं. मिनच्या लक्षात तेवढाच शब्द राहिला होता.

सकाळचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. आई आणि मिन तर कधी फोनवरसुद्धा बोललेले नाहीत. पण पोरगं वाचलं! इतकं हायसं वाटलं की आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो. आईने शिरा केला.

योगायोग म्हणा, काहीही म्हणा. सूट पुन्हा वाढवावी लागणारच आहे आणि आई तर पुढच्या महिन्यात परत चाललीय. काल मी हळूच विचारलं, "आई, तिथून पोचेल का गं आवाज?"

आई भाजी चिरत होती. मान वर न करताच म्हणाली, "इथून गेला ना? मंग अमरावतीहून तं जवळच हाय."