वनजाबाईंनी हात बुडवला

मैसुरातल्या जयलक्ष्मीपुरमात ब्लाऊज शिवणाऱ्या वनजाबाईंच्या तोंडाला लागायची गल्लीत कुणाची छाती नाही. लेक चैत्रा नायजेरियात, कानो शहरात नर्स. तिथला जुना बाजार बघायला ये म्हणून तिनं विमानाचं तिकीट धाडलं तेव्हा भाऊ रविकिरण खिदळला, "अक्का, बाजारच बघायचा तर आपलं देवराज मार्केट आहे की!"

"तिथं कापड रंगवायचे निळीचे हौद आहेत. मला हात घालायचाय."

रविकिरणचं हसू विरलं. घरात अप्पांची, म्हणजे वडिलांची, जमिनीत पुरलेली निळीची कुंडी होती तेव्हा तिघे भाऊ कोपरापर्यंत हात बुडवायचे. वनजा रंगलेली कापडं धुवायची, वाळत घालायची. बाईच्या हातानं नीळ नासते म्हणे. नासते! तिनं घासलेल्या मोऱ्या कधी नासल्या नाहीत त्या. ती तेरा वर्षांची असताना अप्पांनी कुंडी बुजवली आणि तिचे हात कोरडेच राहिले.

कानोच्या बाजारात चामड्याच्या चपला, टोपल्या, मिरचीचे ढीग. वनजाबाई कशालाच थांबल्या नाहीत, थेट हौदांवर. आईला हौदात हात घालायचाय, असं चैत्रानं सांगितलं तेव्हा म्हातारा रंगारी हारुना हसला.

"काय म्हणतो?"

"बायका हौदाला हात लावत नाहीत म्हणे. चल आई, फोटो काढू."

"अय्यो! इथंही तेच? विचार त्याला, त्याच्या तीन हौदांतला कुठला बिघडलाय, कुठला तयार ते मी ओळखलं तर घालू देईल का हात?"

"भांडू नको ना गं!"

"भांडतंय कोण? विचार!"

हारुनाला गंमत वाटली. त्यानं काठी बुडवून एकेका हौदाचा थेंब त्यांच्या तळहातावर टाकला. अप्पांच्या काठीवरचे असेच थेंब वनजा लहानपणी चोरून चाटायची. आताही त्यांनी एकेक थेंब जिभेवर ठेवला.

"हा आंबलाय, राख हवी. हा कच्चा, झोपलाय अजून. आणि हा..." जीभ चुरचुरली, "हा तयार!"

चैत्रानं हौसा भाषेत सांगितलं. म्हाताऱ्यानं पहिल्या हौदाशी उघडून ठेवलेल्या राखेच्या पोत्याकडे बोट केलं; तो आत्ता तीच घालणार होता. मग टाळी वाजवून त्यानं आजूबाजूचे सगळे रंगारी हाका मारून गोळा केले, आणि स्वतः तयार हौदावरून बाजूला सरकला.

वनजाबाईंनी पदर खोचला. मैसुरातून आणलेलं पांढरं कापड धरून दोन्ही हात कोपरापर्यंत आत. कापड बाहेर आलं ते हिरवं, आणि वारा लागला तसं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निळं होत गेलं. रंगाऱ्यांनी आरोळी ठोकली. वनजाबाई पोरीसारख्या हसत सुटल्या.

"बास आता आई, ऊन बघ किती!"

"एका बुडीत कुणी रंगारी होतं का? सरक!"

चौथ्या बुडीला हारुनानं त्यांच्यासाठी चटई अंथरली. आठव्या बुडीनंतर तोच म्हणाला, अजून एक.